पोतंभर गेरू

तेयेदोच्या झऱ्याचं पाणी दुपारी लाल झालं आणि सगळा गाव ओबदुलियाच्या गळ्यात पडला. तिच्या सात गाईंचा उन्हाळा वाचला होता.

आस्तुरियासच्या आमच्या डोंगरात हिशेब सरळ आहे. वरच्या कुरणाचं पाणी ज्या गावात उतरतं, कुरण त्या गावाचं. पण डोंगर मेला चुनखडीचा, आतून पोखरलेला. कुरणातला ओढा दोनशे पावलं वाहतो आणि एका विवरात गडप होतो. तो पुढे तेयेदोत निघतो की पलीकडच्या ला रियेगात, यावरून तीन पिढ्या डोकी फुटली. शेवटी ठरलं, मेंढ्यांवर खुणा करायचा गेरू पोतंभर त्या विवरात ओतायचा. प्रत्येक झऱ्यावर समोरच्या गावाचा साक्षीदार बसवायचा. जो लबाडी करेल, तो कुरणाला मुकेल.

ला रियेगाचा म्हातारा सेलेदोनियो आमच्या झऱ्यावर दोन दिवस बसून होता. पाणी लाल झालं तशी त्यानं टोपी काढली. "कुरण तुमचं, बाई," म्हणाला. पण उठला नाही. पाव तासात पाणी पुन्हा नितळ झालं. त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग ओबदुलियाच्या नखांकडे.

"पोतंभर गेरू इतक्यात संपला?"

तिनं कोवादोंगाच्या मातेची शपथ घेतली, की मी हात लावला नाही. लावला होता. दोन दिवस पाणी नितळच राहिलं, तिचा धीर सुटला आणि झऱ्याच्या भिंतीमागून तिनं एक मूठ टाकली. म्हातारा काठी टेकत निघून गेला. कुरणही गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती घागर भरायला गेली तर पाणी लाल. दुपार झाली तरी लालच. हौद लाल, गाईंची तोंडं लाल. तिला काही कळेना. आधी तिनं दिराला, बेलार्मिनोला धरलं. त्यानं मातेची शपथ घेतली. शेजाऱ्यांनीही घेतली. तशीच शपथ तिनंही घेतली होती, मग विश्वास ठेवायचा कुणावर? भिंतीमागे जाऊन तिनं दगडन् दगड चाचपला. गेरूचा कणही नव्हता. लाल पाणी थेट कातळातून येत होतं.

तिनं बादली भरली, खिंड ओलांडली आणि अर्धी सांडलेली बादली सेलेदोनियोच्या दारात ठेवली.

"काका, सकाळपासून वाहतंय. चला, डोळ्यांनी बघा."

म्हाताऱ्यानं बोट बुडवलं, उजेडात धरलं. मग त्यानं बोट विजारीला पुसलं.

"आणि ही कितवी मूठ, ओबदुलिया?"