अज्ञात वाहन

पाईप हेडलाइटवर बसला आणि काचा उडून थेट पिंडापर्यंत आल्या.

गौरांगने दुसरा घाव भिमाजीच्या गाडीच्या बॉनेटवर घातला. पाईप मांडवाचा होता. वडिलांच्या दशक्रियेसाठी गोदाकाठच्या त्या लहान घाटावर सकाळीच घातलेल्या मांडवाचा. तिसरा घाव पडायच्या आत भिमाजीची माणसं त्याच्यावर तुटून पडली.

"आडवा करा टकल्याला!" कोणीतरी ओरडलं.

नुकतंच मुंडण केलेल्या डोक्यावर बूट पडला. रक्त भुवईवरून ओघळून पांढऱ्या धोतरावर सांडलं. बायका किंचाळल्या. गुरुजींनी तांब्या उचलला आणि ते मागे सरकले. समोरच्या पिंपळावर बसलेले कावळे एकदम उडाले.

गौरांगच्या थोरल्या बहिणीने, मृण्मयीने वर पाहिलं. तासभर ते कावळे तिथेच होते. खाली येत, घिरट्या घालत आणि परत फिरत.

त्या तासाभरात सगळ्यांनी हात जोडून दिवाकरनानांना शब्द दिला होता. नानांचा जीव कशात अडकलाय, ते ज्याने त्याने आपल्या परीने ओळखलं होतं. त्यांची बायको इंदिराबाई म्हणाल्या, "माझी काळजी करू नका हो." कावळा आला नाही. मृण्मयी म्हणाली, "नाना, तुमच्या जागी निवडणुकीला मी उभी राहते. घरांचं आणि रस्त्याचं मी बघते." कावळा आला नाही. गौरांग दात आवळून म्हणाला, "मारणाऱ्याला जिता सोडणार नाही." तेव्हा तर कावळे आणखी वरच्या फांदीवर गेले.

घरांचं आणि रस्त्याचं म्हणजे नानांच्या प्रचारातल्या दोनच गोष्टी. इंदिरानगरच्या मागे मोकळ्या भूखंडावर पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना तिथेच परवडतील अशी पक्की घरं. आणि शाळेपासून बाजारापर्यंतचा रस्ता गाड्यांना बंद. तिथून फक्त माणसं, सायकली आणि बस. लोक हसायचे. "नाना, स्वतःला गाडी घेता येत नाही म्हणून आमच्याही बंद करता काय?" नाना आपल्या निळ्या सायकलवर थाप मारायचे. "आहे की गाडी. चाकं तेवढी दोन कमी आहेत."

त्याच भूखंडावर भिमाजीला मॉल बांधायचा होता, खाली दोन मजले पार्किंग. तोही त्याच वॉर्डातून उभा होता. एका संध्याकाळी चौकसभा आटोपून परतताना नानांना कोणीतरी मागून उडवलं. सायकलसकट फरपटत नेलं. पोलिसांनी लिहिलं, अज्ञात वाहन. वॉर्डात सगळ्यांना ते वाहन ज्ञात होतं. मोठ्याने मात्र कोणी म्हणत नव्हतं.

म्हणूनच भिमाजी आज आला होता. दशक्रियेला आला नसता तर लोक बोलले असते. आपली पांढरी गाडी घरी ठेवली असती तरी लोक बोलले असते. तो तीच गाडी घेऊन घाटापर्यंत आला, उतरला, श्रद्धांजलीचा माईक हातात घेतला आणि पिंडाकडे पाहून म्हणाला, "नाना, निश्चिंत जा. तुमची घरं मी बांधीन."

तेव्हा गौरांगने मांडवाचा पाईप उपसला होता.

आता तो माणसांच्या ढिगाखालून सुटून उठला. एक डोळा मिटला होता. पाईप अजून हातातच होता. मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभ्या असलेल्या भिमाजीच्या डोक्यावर त्याने तो दोन्ही हातांनी उगारला.

मृण्मयी मधे घुसली. पाईप तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मांडवभर ऐकू गेला.

"ताई!" गौरांगच्या हातून पाईप गळून पडला.

ती खाली बसली नाही. मोडका हात छातीशी धरून म्हणाली, "बाप गेला. आता भाऊ तुरुंगात घालू?"

गाडीचं इंजिन अजून चालू होतं. स्टिअरिंगवर नाथा बसला होता, भिमाजीचा ड्रायव्हर. तो त्याच पत्र्याच्या खोल्यांत राहायचा. तासभर तो खाली उतरला नव्हता. फुटक्या हेडलाइटमागून तो पिंडाकडे पाहत होता, आणि घामाने त्याची कॉलर भिजली होती.

मृण्मयी चालत गाडीपाशी गेली.

"नाथाकाका," ती म्हणाली, "सगळे नानांशी बोलले. तुम्हीच राहिलात."

"ए नाथा, गाडी वळव!" भिमाजी ओरडला.

नाथाने इंजिन बंद केलं. चावी काढली. अनवाणी होऊन तो पायऱ्या उतरला आणि पिंडासमोर गुडघ्यांवर बसला. गुरुजींनी त्याला अडवलं नाही.

"नाना," तो म्हणाला, "त्या सांजंला चावी माझ्याकडं नव्हती. भिमाजीअण्णांनी काढून घेतली व्हती. ते एकलेच गेले गाडी घेऊन. सकाळी मी धुतली. निळा रंग लागला व्हता बंपरला. लय घासला, नाना. निघत नव्हता."

त्याने चावी पिंडाजवळ ठेवली आणि हात जोडून मागे सरकला.

घाटावरची माणसं सावकाश भिमाजीकडे वळली. त्याचीच माणसं त्याच्यापासून दोन पावलं दूर झाली. त्याने गर्दीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि चावीसाठी पायऱ्यांवरून खाली झेप घेतली.

शेवटच्या पायरीवर तो थिजला. चावी पिंडाला टेकून पडली होती, आणि पिंडावर कावळा बसला होता.