इनेसच्या घरावरची भिंत

इटलीतल्या लिगुरियाच्या समुद्रकाठच्या कड्यावरच्या आपल्या द्राक्षमळ्यात ती परकी बाई तिसऱ्यांदा दिसली, तेव्हा म्हातारा सेत्तीमिओ कोयता घेऊनच उतरला. प्रवासी समुद्राचे फोटो काढतात. ही समुद्राला पाठ करून त्याची दगडी भिंत चाचपत होती. “खालच्या इनेसनं धाडलंय ना तुला?” “इनेस कोण? फिरायला आलेय, आजोबा. गावाकडं मी भिंतीच बांधते. हिला पोट आलंय. मोठ्या पावसात खालच्या घरावर जाईल.” त्यानं कोयता खाली टेकवला. पालिकेची माणसं बघतील नि मळा बंद करतील या धास्तीनं त्यानंच फुगवट्यावर वेल पसरवले होते. खाली इनेस चादरी वाळत घालत होती. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. “इनेस, माझ्याकडं राहायला ये!” “आता कसला डाव तुझा?” तिनं डोळे बारीक केले. “माझी भिंत तुझ्या घरावर पडणारेय,” तो ओरडला, “आणि मला हे उन्हाळ्यापासून ठाऊक होतं.”