चौथ्याच्या पुढे

विमानं उतरवणारा कंट्रोलर घाईच्या क्षणी काय ठरवेल, ते माझं संगणकातलं मॉडेल त्याच्या आधी सांगतं. अख्ख्या झाग्रेबमध्ये या कामात माझा हात धरणारं कोणी नाही.

फक्त एक खोड होती. सरावात पडद्यावरची विमानं उतरायला रांगेत लागली, की मॉडेल तिसऱ्यानंतर एका विमानाची जागा मोकळी सोडायचं.

"ते माझ्याकडूनच शिकलंय," यादरान्का कॉफी ढवळत म्हणाली. ती आमची सर्वांत जुनी कंट्रोलर. मॉडेल तिच्याच निर्णयांवर घडवलेलं.

"पण तू का सोडतेस?"

"विचार करायला वेळ असला, तर नाही सोडत. शहाण्या, तूच बस की खुर्चीत."

बसलो. विमानं भराभर यायला लागली. ती जागा भरायचीच, हे पक्कं ठरवून मी चौथ्याला पुढे बोलवायला तोंड उघडलं.

"थांब," माझ्याच तोंडून निघालं, "तुझ्या पुढे एक आहे."

सरावात वैमानिकांचं काम झ्वोनिमिर करतो, शेजारच्या खोलीत बसून. तिथे खिडकी नाही, आकाश नाही. पडद्यावरची विमानं हलवायची बटणं तेवढी.

हेडफोनमध्ये तो शांतपणे म्हणाला, "दिसलं. त्याच्या मागून येतो."