बैठकीतला समुद्र

श्रीकृष्णरावांनी कूलरच्या टाकीत दोन मुठी खडेमीठ टाकलं आणि ओरडले, "लावा खिडक्या! फट राहू देऊ नका, समुद्र बाहेर जाईन!"

दिग्रसला मे महिन्यात चालत्या कूलरपुढे खिडकी बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. समोरून वारा निघून गेला नाही की खोलीत दमट उकाडा साचतो आणि कपडे अंगाला चिकटतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आज नेमका तोच वेडेपणा हवा होता. त्यासाठी कूलर खिडकीतून काढून बैठकीच्या मधोमध ओढून आणला होता. शेजारचे लखीराम दाराखाली गोणपाट कोंबत होते. ते एका लग्नासाठी कोकणात गेले होते आणि पोट बिघडल्यामुळे सगळा वेळ एका खोलीत पडून होते. तेव्हापासून गल्लीत समुद्राचे जाणकार तेच.

भांडण शाल्मलीच्या फोनवरून पेटलं होतं. मुलगी मालवणला नोकरीला. ती राहते त्या घराच्या खालच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. "आईबाबा, कायमचेच या. इथं पारा बत्तीसच्या वर जात नाही. आज संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर मालक दुसऱ्याला देईल."

बत्तीस! श्रीकृष्णराव तेव्हापासून धुमसत होते. अख्खी नोकरी तहसिलीत काढलेल्या माणसाला बत्तीसचं आमिष! फायदे-तोटे पाहू म्हणाले आणि तोटेच पाहत बसले. खरा तोटा मात्र त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. इथे एसटी स्टँडवर अजून चार माणसं 'नमस्कार साहेब' म्हणत. तिथे ते शाल्मलीचे बाबा. तेही ज्याला शाल्मली माहीत असेल त्याच्यापुरते.

"बत्तीस हाय, पण वलं बत्तीस हाय," लखीराम म्हणाले. "आपलं पंचेचाळीस कसं, वाळलेलं हाय. वाळलेलं अंगाले लागत नाई."

"ऐक, ऐक!" श्रीकृष्णराव बायकोवर खेकसले. "हा माणूस जाऊन आला हाय तिथं!"

कुंदाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे असा आदळला की अर्धा कप मारोतरावांच्या पायजम्यावर गेला. मारोतराव हे दुसरे शेजारी. वासाची सोय त्यांच्याकडे होती. त्यांनी कागदात बांधून सुके झिंगे आणले होते आणि पुडी उघडून टीव्हीवर ठेवली होती. या घरात आजवर अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. पण चाचणी म्हणजे चाचणी.

"मी जाईन," कुंदाबाई म्हणाल्या. "फोन आला तवाच सांगतलं. तुमाले याचं असन तर या, नाई तर ऱ्हा इथं झिंगे हुंगत."

"जाईन म्हणे! झेपन का तुले?" श्रीकृष्णरावांचा आवाज चिरकला. "बस या खोलीत. चार वाजेपर्यंत बसून दाखव. उठली, तर विषय खलास! पुन्हा मालवणचं नाव काढाचं नाई."

"अन् तुमी उठले तर?"

"मी कायले उठतो!"

"उठले तर?"

"तर जाऊ मालवणले! झालं समाधान?"

कुंदाबाईंनी कोपऱ्यातली चटई ओढली, कूलरच्या अगदी तोंडाशी अंथरली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसल्या. लखीरामांनी बटण दाबलं.

समुद्र हां हां म्हणता आला. भिंतीवरचं कॅलेंडर मऊ पडलं. मारोतरावांचा चष्मा धुरकटला. "मले तं काहीच दिसून नाई राह्यलं, भाऊ," ते म्हणाले आणि लगेच त्यांना म्हैस दोहायची आठवण झाली. मारोतरावांकडे म्हैस नव्हती. ते गेले. मग लखीराम पोटावर हात ठेवून उठले. "कोकणात बी असंच सुरू झालतं," म्हणाले आणि पळाले.

श्रीकृष्णरावांच्या बनियनमधून पाणी ठिबकत होतं. झिंगे जिवंत झाल्यासारखे घमघमत होते. त्यांना लखीरामचा राग आला, मारोतरावचा आला, मिठाचा आला. सगळ्यात जास्त आला तो समोरच्या पाठीचा. ती पाठ हलत नव्हती. मुद्दाम! जीव गेला तरी उठणार नाही ही बाई, निव्वळ आपल्याला खाली पाहायला लावायला!

घड्याळात तीन वाजायचे होते. "बाहेरचं ऊन पाहून येतो," ते कोणी न विचारताच म्हणाले. "याले उठणं म्हणत नाईत."

ओसरीवर गरम झळ तोंडावर आली आणि त्यांना अक्षरशः बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्याचाही त्यांना राग आला. तिथूनच ते गरजले, "पाह्यलं? राहू शकते का माणूस अशा जागी? कबूल कर आता!"

त्यांनी दारावर थाप मारली.

"कुंदा! कबूल कर म्हणतो ना मी!"

त्यांनी दार धाडकन ढकललं.

कुंदाबाई कूलरपुढे हातपाय पसरून झोपल्या होत्या. केस वाऱ्यानं उडत होते. तोंड किंचित उघडं होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण भर दुपारी झोपलेली बायको श्रीकृष्णरावांनी कधी पाहिली नव्हती.

"अवं, मरशीन ना!" ते ओरडले. "या उकाड्यात झोप कशी लागून राह्यली तुले?"

कुंदाबाईंनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत इतका संताप होता की श्रीकृष्णराव पाऊलभर मागे सरले.

"भर उन्हाळ्यात तुमी अन् तुमचे पाहुणे बसता या कूलरपुढं," त्या म्हणाल्या. "मी चहा ठेवते अन् चुलीपाशी वापस जाते. या घरात आली तवापासून आज पयल्यांदा बसली मी इथं. दार लावा. गार हवा बाहेर जाऊन राह्यली."