बाहीवरची कट्यार

"मास्तर, चार वाजेपर्यंत सगळ्या शर्टांवरचे बिल्ले उसवा. कुठली पलटण आघाडीवर आली, ते शत्रूला कळता कामा नये," सुभेदारांनी सांगितलं.

पंचवीस वर्षं मीच या पलटणीचा शिंपी. हे कट्यारीच्या आकाराचे कापडी बिल्ले माझ्याच हातचे. ब्लेडनं भराभर उसवत गेलो. मुलाचा शर्ट हाती आला तेव्हा मात्र थांबलो. तोही आज जाणार होता.

टाके काढून बाहीवरून हात फिरवला आणि शर्ट उजेडात धरला. उन्हानं, धुण्यानं बाही विटली होती. बिल्ल्याखालचं कापड मात्र नवंकोरं, गडद हिरवं. कट्यार जशीच्या तशी. मघाचे शर्ट उलगडून पाहिले. सगळ्यांवर तेच.

चहाचं पाणी चोळलं, माती चोळली. डाग पडले, पण कट्यार गेली नाही.

"राहू द्या मास्तर, गाड्या लागल्या," म्हणत सुभेदारांनी गठ्ठे उचलायला लावले.

फाटकाशी उभा राहिलो. शेवटच्या गाडीतून मुलानं हात हलवला. इतक्या लांबून, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनाही त्याच्या बाहीवरची कट्यार स्पष्ट दिसत होती.