स्वच्छ शर्ट

रोज संध्याकाळी ह्यांचा शर्ट मी उंबऱ्याबाहेर झटकते. हे कारखान्यात लेथवर सागवानी खांब फिरवत घासतात, त्यामुळे शर्टातून लाकडाची पूड उडते आणि मला खोकल्याची उबळ येते. त्या आठवड्यात मात्र काहीच पडेना.

"कामावर गेला होतात ना?" मी विचारलं.

"मग कुठे जाणार?" हे म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी खिशात जांभळ्या जाळीचा तुकडा सापडला. ओढणीचा असावा तसा, पण हाताला खरखरीत. ह्यांनी बाहेर बाई शोधली, तीही हलक्या कपड्यांतली, असं मनात आलं.

डबा द्यायच्या निमित्ताने मी थेट कारखान्यात गेले. हे एकटेच होते. फिरत्या खांबावर तसलीच जाळी धरली होती आणि तिच्यामागे पूड ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमचा पाइप लावला होता. बाकावर आणखी जाळ्या पडल्या होत्या, भरड, बारीक. एकेक लावून हे खांबावरून हात फिरवत होते.

"पॉलिश पेपर संपला का?"

"पेपरने घासलं की पूड उडते. जाळीच्या भोकांतून ती पाइपात जाते. कुठली जाळी चांगली ते बघतोय."

"इतकी वर्षं पूड अंगावर घेऊन घरी आलात. आताच काय झालं?"

ह्यांनी पुढची जाळी खांबावर धरली. मी आणखी सुनवायला तोंड उघडलं, तर खोकलाच आला. ह्यांनी लेथ बंद केलं आणि माझा खोकला थांबेपर्यंत त्या पाइपाकडे संशयाने बघत राहिले.