डबीच्या आत

प्रोग्रॅम तिसऱ्या पायरीला पुन्हा अडला. पडद्यावर ‘नल’ उमटलं. म्हणजे तिथं काहीच नाही.

गेवराईत एसटीडी बूथच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास होता. दुपारची वीज टिकली होती, हेच नशीब. पंख्याच्या घरघरीत कावेरीचे डोळे मिटत होते. जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत एका वस्तूच्या आत दुसरी वस्तू कशी ठेवतात, ते घरातल्या उदाहरणानं लिहायचं होतं. तिनं लिहिलं होतं: वडील, त्यांच्या गळ्यात चांदीची डबी, डबीत इष्टलिंग. लिंगायत घरात प्रत्येकाच्या अंगावर असतं तसं, लहानपणापासून पाहिलेलं. त्यात चुकायला काय होतं?

शहादेव सर मागं येऊन उभे राहिले. "डबी केलीस, पण आत ठिवलं का काई? डबी हाय म्हून आत वस्तू आसंलच आसं न्हाई. आधी विचारायचं, मग पुढं जायचं."

ती स्वतःशीच हसली. हसता हसता तिला पडद्यात घर दिसू लागलं. विभूतीचा वास, डोळे मिटून बसलेले तिचे अप्पा, ईश्वरप्पा. आई जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून ईश्वरप्पांनी पूजेत डबी उघडलीच नव्हती. बंद डबीवरच बेल वाहायचे आणि ती लगेच सदऱ्याआड सारायचे. आईबरोबर अप्पांचा देवही गेला, या भीतीनं कावेरी आतून खचली होती. विचारायचं धाडस मात्र झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "अप्पा, डबीत लिंग हाय ना?"

ईश्वरप्पांनी सदऱ्यात हात घातला. मग त्यांनी डबी काढून तिच्या हातात दिली. ती फार हलकी लागली.

"गेल्या श्रावणात गोदागंगेत न्हाताना तुझ्या आईच्या गळ्यातला दोरा तुटला," ते म्हणाले. "तिचं लिंग वाहून गेलं. लाजंनं माझ्याबिगर कुणाला सांगितलं न्हाई तिनं. समाधी देताना ज्याचं त्याचं लिंग हातात ठिवत्यात. तिला रिकाम्या हातानं कशी बसवू? माझं ठिवलं."

"मग गुरूंकडून नवं का म्हून घेतलं न्हाई?"

"ते विचारतील, जुनं कुठंय. मग तिचंबी सांगावं लागंल."

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये कावेरीनं डबी रिकामीच ठेवली. लिंगापर्यंत जायची वाट तेवढी बदलली. वडिलांकडून आईकडे, तिथून आईच्याच डाव्या तळहातात.

या वेळी प्रोग्रॅम कुठंच अडला नाही.